समुद्रतळाची तार आणि मुंबई

मुंबई हे आंतरराष्ट्रीय केबलींचे ठाणे का झाले, या प्रश्नास बहुधा भूगोलाचे उत्तर दिले जाते. शहर पश्चिम किनाऱ्यावर आहे, बंदर खोल आहे, समोर अरबी समुद्र व पलीकडे सुएझ. तेव्हा युरोपाकडून येणारी तार येथेच लागावी हे स्वाभाविक, असा हा युक्तिवाद होय. तो सर्वस्वी चुकीचा नाही, परंतु इतिहासाच्या क्रमास तो पुरा पडत नाही. केवळ भूगोलाने निर्णय केला असता तर हा मान कराचीस मिळाला असता; आणि आरंभी तो कराचीसच मिळाला होता.

सुएझ, एडन व कराची यांना जोडणारी तांबड्या समुद्रातील पहिली केबल १८५९-६० मध्ये टाकण्यात आली व लागलीच निकामी झाली. त्यानंतर १८६४ मध्ये इराणच्या आखातात ग्वादरपासून फावपर्यंत केबल घालण्यात आली. इंग्लंडात तयार झालेली ही केबल पालाच्या जहाजांतून मुंबईस आणून तेथून आखाताकडे नेली गेली. तिचे हिंदुस्थानकडील टोक मात्र कराचीस जोडलेले होते. १८६५ मध्ये हा मार्ग खुला झाला. फावच्या पुढे तार तुर्कस्तानच्या भूमीवरून जात असे, आणि तेथे इंग्रजी न जाणणारे कारकून रोमन अक्षरे एकामागून एक उतरून घेऊन पुढे धाडीत. संदेश पोहोचण्यास कित्येक दिवस लागत आणि पोहोचे तेव्हा त्याचा अर्थ लागेलच याची शाश्वती नसे. ज्यास भाषा येत नाही त्याच्या हातून वर्ण शाबूत राहणे कठीण, हा लिपिकारांच्या परंपरेत शतकानुशतके दिसणारा अनुभव येथे तारेवर पुन्हा आला.

मुंबईच्या व्यापाऱ्यांस ही अनिश्चितता परवडणारी नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद प्रभृतींच्या शेअरबाजारी उलाढाली याच काळातल्या. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस शहराच्या स्मृतीत दिवाळखोरीचा दिवस म्हणून राहिला. लिव्हरपूलचा भाव आज काय आहे हे कळणे म्हणजे पेढी तरणे किंवा बुडणे, ही गोष्ट त्या वर्षाने सर्वांस शिकविली. मुंबईच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा व मुंबई तारेने जोडली गेली होती. अर्थात मुंबईस लागलेला संदेश त्याच तारेने देशभर जाऊ शकत होता.

पुढील पाऊल जॉन पेंडर याच्या कंपन्यांनी टाकले. तुर्की व इराणी भूमी टाळून शक्य तितका मार्ग समुद्राखालून न्यावयाचा, हे त्यांचे धोरण होते. त्यासाठी ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज भाड्याने घेण्यात आले. सुमारे ६९२ फूट लांबीचे हे धूड नव्याने खुल्या झालेल्या सुएझ कालव्यातून जाण्याजोगे नव्हते. म्हणून ते आफ्रिकेस वळसा घालून मुंबईस आले. केबलीवरील गट्टापर्चाचे वेष्टन उष्णतेने बिघडू नये यासाठी जहाजास पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारी १८७० मध्ये केबल सोडीत ते एडनकडे निघाले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर या मार्गाने मुंबई व इंग्लंडचा पोर्थकर्नो हा किनारा जोडले गेले. १८७२ मध्ये या कंपन्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीत विलीन झाल्या.

या तारेने भाषेवरही आपला ठसा उमटविला. दर शब्दागणिक असल्याने व्यापारी सांकेतिक कोश वापरू लागले. एका निरर्थक दिसणाऱ्या शब्दात संपूर्ण वाक्य बसविले जाई. मोर्सची लिपी रोमन अक्षरांसाठी रचलेली असल्याने मराठी मजकुरास रोमन वेष घ्यावा लागे. सामान्य मराठी घरास समुद्रापलीकडील तारेशी कर्तव्य नव्हते. त्यास ठाऊक होती ती गावी येणारी तार, आणि ‘तार आली’ या दोन शब्दांत बहुधा अशुभाचीच चाहूल असे. देशांतर्गत तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी या शब्दप्रयोगाची छटा जुन्या पिढीच्या बोलण्यात टिकून आहे.

यापुढील प्रकरण भौगोलिक उपपत्तीस सर्वांत अडचणीचे आहे. १९२७ मध्ये खडकी येथून संदेश धाडणारे व दौंड येथे ते घेणारे बिनतारी केंद्र सुरू झाले. बिनतारी स्वस्त होती. केबलीचा धंदा तिने इतका ओढून घेतला की १९३२ मध्ये हिंदुस्थानातील दोन्ही सेवा एकाच कंपनीखाली आणाव्या लागल्या. १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने ती ताब्यात घेऊन ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ स्थापिली. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यात आर्वी येथे उपग्रह-केंद्र उभे राहिले. म्हणजे सुमारे अर्धशतकाच्या काळात परदेशी संदेशांस किनाऱ्याची गरज उत्तरोत्तर कमी होत गेली. घाटावरील माळ त्यास अधिक सोयीचा ठरला. असे असूनही व्यवहाराचे केंद्र मुंबईहून हलले नाही. कचेऱ्या, प्रशिक्षित कामगार, बँका व पेढ्या मुंबईतच होत्या; खडकी, दौंड व आर्वी ही तिची दूरची इंद्रिये होती, इतकेच. फाळणीने कराची परकी झाली, तो भाग निराळा.

म्हणून काचतंतूची केबल आली तेव्हा ती जुन्याच किनाऱ्यास लागली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट जनतेस खुले केले. १९९७ मध्ये ‘फ्लॅग’, १९९९ मध्ये ‘सी-मी-वी ३’, २००५ मध्ये ‘सी-मी-वी ४’ अशा केबली मुंबईस उतरल्या. निगमाची मालकी २००२ मध्ये टाटांकडे गेली. २०२२ च्या अखेरीस देशात १७ आंतरराष्ट्रीय केबली व त्यांची १४ ठाणी होती. ही ठाणी मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन व तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत होती. मुंबईतील अनेक केबली वर्सोव्याच्या वाळूखालून वर येतात, जेथे कोळ्यांच्या होड्या त्याच पाण्यात जाळी टाकतात.

किनाऱ्यापासून दूर असलेल्या मुलखाचा या व्यवस्थेशी संबंध काय, हे पाहण्यास नाशिक जिल्ह्यातील कळवण हे उदाहरण पुरेसे आहे. येथे रेल्वे नाही. मुंबई-आग्रा रस्ताही तालुक्याच्या पूर्वेकडून निघून जातो. तरी कळवण व अभोणा येथील कांद्याचा शेतकरी लिलावापूर्वी लासलगावचा भाव हातातील दूरध्वनीवर पाहतो, आणि दुबई किंवा कोलंबोच्या खरेदीदाराशी होणारे निर्यातदाराचे बोलणे याच केबलींतून जाते. १८६५ च्या कापसाच्या व्यापाऱ्यास जे हवे होते ते त्यास लाभले आहे. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली तेव्हा ती वार्ता क्षणात पोहोचली, भाव पडले, जिल्ह्यात लिलाव बंद पडले. आधी कळल्याने कोणाचा माल वाचला नाही. वार्तेचा वेग आणि भावावरील सत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेंडरच्या काळातही त्या भिन्नच होत्या, फक्त तेव्हा वेग ज्यांस विकत घेता येई त्यांच्याकडेच थोडीफार सत्ताही असे.

पेंडरने आखलेला मार्ग मात्र बदललेला नाही. मुंबईहून युरोपास जाणाऱ्या केबली आजही मुख्यतः तांबड्या समुद्रातून व इजिप्तमधून जातात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्ल्यात सापडलेल्या जहाजाच्या फरफटत गेलेल्या नांगराने तांबड्या समुद्रातील केबली तोडल्याचे मानले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ ‘सी-मी-वी ४’ व ‘आय-एम-ई-डब्ल्यू-ई’ या दोन्ही खंडित झाल्या. अशा वेळी मुंबईची वाहतूक पूर्वेकडे वळवावी लागते: दख्खन ओलांडून जमिनीखालच्या तंतूंनी चेन्नईस, आणि तेथून सिंगापूरच्या केबलींवर.