आधी पोचूनही हरलेली गाडी

शर्यतीत जो आधी पोचतो तो जिंकतो, अशी आपली सरधोपट समजूत. अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी 1968 च्या ऑगस्टमध्ये विजेच्या गाड्यांची शर्यत मांडली, तिने मात्र ही समजूत खोटी ठरविली. तिच्या मुळाशी चिंता होती ती लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या धुराची. जवळच्या पॅसाडेनातील कॅलटेकच्या एका विद्यार्थ्याने दूर केंब्रिजच्या एम.आय.टी.ला आव्हान दिले आणि दोन्ही चमू एकमेकांच्या दाराकडे एकाच दिवशी निघाले. कॅलटेकची फोक्सवॅगन बस, एम.आय.टी.ची कॉर्व्हेअर; दोन्हींत मूळ इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसविलेली. वाटेवर 54 ठिकाणी बॅटऱ्या भारण्याची सोय होती. भारताना त्या इतक्या तापत, की त्यांना चक्क बर्फाने निववावे लागे!

अ‍ॅरिझोनात बसची मोटर जळाली. दुसरी येईपर्यंत बस खोळंबली. कॉर्व्हेअर पॅसाडेनास आधी पोचली खरी, पण दुसऱ्या वाहनाने ओढत आणलेली! ओढून नेलेल्या अंतराबद्दल वेळेचा दंड होता. हिशेब झाला तेव्हा कॅलटेक सुमारे अर्ध्या तासाने विजयी ठरले. निकाल मला न्याय्यच वाटतो. परीक्षा यंत्राची होती, दोरखंडाची नव्हे.

पुढे 1970 मध्ये केंब्रिजहून पॅसाडेनाकडे अनेक विद्यापीठांच्या गाड्यांचा ताफा निघाला. या वेळी घड्याळाबरोबर गाडीतून बाहेर पडणारा धूरही मोजण्यात आला.