बोर्डिंगे उभी राहिली, ती कशाच्या बळावर?

आपल्या गावोगाव देवस्थानची पंचकमिटी असते, एखाद्या समाजाचे मंडळ असते, कुठे भजनी मंडळ तर कुठे मशिदीची जमात असते. यांच्यापाशी माणसे असतात, थोडाबहुत पैसा असतो आणि श्रद्धा तर असतेच असते. मग एक संस्था पिढ्यानपिढ्या चालते आणि दुसरी तिसऱ्याच वर्षी भांडणात बुडते, हे का बरे व्हावे? याचे उत्तर कोल्हापूर आणि साताऱ्याच्या इतिहासात सापडते.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली कोल्हापूरचा कारभार हाती घेतला. खेड्यातला मुलगा शिकायला शहरात आला, तर त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा प्रश्न होता. १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह निघाले. हेतू चांगला होता. पण जातिभेदाच्या त्या काळात ब्राह्मणेतर मुले तेथे टिकेनात. थोड्याच वर्षांत ते बहुतांशी ब्राह्मण मुलांचेच झाले.

तेव्हा महाराजांनी वेगळी वाट धरली. ज्या समाजाची मुले, त्या समाजाच्याच कर्त्या माणसांनी त्यांची जबाबदारी घ्यावी आणि दरबाराने पाठीशी उभे राहावे! १९०१ साली मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली लिंगायत बोर्डिंग आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. पुढे नामदेव शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, भारतीय ख्रिस्ती अशी यादी वाढत गेली.

आता महाराजांची युक्ती बघा. नुसती देणगी दिली असती, तर ती दोन वर्षांत खर्चून गेली असती. त्यांनी जागा दिल्या, इमारतींना मदत केली, कायमच्या उत्पन्नाची सोय लावली. आणि रोजचा कारभार मात्र त्या त्या समाजाच्या मंडळींवर सोपविला. पैसा दरबाराचा आणि घाम समाजाचा, असा हा मेळ होता.

यावर कोणी म्हणेल, की मग जाती पक्क्याच झाल्या ना? ही शंका रास्त आहे. जातीची भिंत बोर्डिंगलाही होतीच. पण तिच्या आडून पहिल्यांदाच शिकलेली एक पिढी बाहेर पडली आणि त्याच पिढीतल्या एका माणसाने ती भिंत पाडायला घेतली.

ते कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगातच राहिले. पण तेथे त्यांचे जमले नाही आणि ते बोर्डिंग त्यांना सोडावे लागले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. एक चूल, एक पंगत! १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

हा संसार चालविला कोणी? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घरोघरच्या बायाबापड्यांनी दळताकांडताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवले. हाच तो मुष्टिफंड. मूठ लहान खरी. पण ज्या घरातून ती निघते, त्या घराला संस्था आपली वाटू लागते. मोठा देणगीदार हे काम करू शकत नाही.

या आपलेपणाची कसोटी १९४८ साली लागली. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी सरकारवर कठोर टीका केली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. संस्था बंद पडली का? नाही. लोकांनी ती सावरली. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांपाशी शब्द टाकला आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले. दरबार असो की सरकार, त्याचा आधार हवाच. पण केवळ त्या एका खांबावर घर उभे करू नये.

१९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला. नोंदणी आली, हिशेबतपासणी आली. पुष्कळ पंचांना ती कटकट वाटते. पण मुष्टिफंडात मूठ टाकणाऱ्या म्हातारीला आपली मूठ कोठे गेली, हे विचारण्याचा हक्क आहे. हिशेब हा त्या म्हातारीला दिलेला जबाब आहे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, आपल्या गावच्या मंडळाला चार प्रश्न विचारून पाहा. उत्पन्नाची कायम सोय आहे का? कारभार एकाच घराच्या हाती तर नाही ना? जमाखर्च चावडीवर वाचला जातो का? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड: पंगतीत दुसऱ्या आळीचे पोर बसू शकते का? शाहू महाराजांनी पहिल्या प्रश्नाची सोय लावली, भाऊरावांनी शेवटच्या प्रश्नाला उत्तर दिले. मधले दोन मात्र प्रत्येक गावाने आपापले सोडवायचे आहेत.