एका शब्दाचा झगडा

वाचकहो, दस्तात ‘गहाण’च्या जागी ‘खरेदी’ एवढा एक शब्द पडला, तर पिढीजात शेत हातचे जाते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. जगाच्या दस्तातही अशाच एका शब्दावरून मोठा झगडा झाला. त्याची ही हकीकत.

कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळले की कर्बवायू हवेत साठतो आणि पृथ्वी तापते. त्याला आळा घालण्यासाठी १९९२ साली रिओ द जानेरो येथे राष्ट्रांनी पहिला करार केला. २०१५ साली पॅरिसला तापमानवाढीची मर्यादाही ठरली. पण गंमत पाहा! पॅरिस करारात कोळसा किंवा तेल हा शब्दच नाही. रोगाचे नाव घेतले, कारणाचे मात्र घेतले नाही.

२०२१ साली ग्लासगोला राष्ट्रे पुन्हा जमली. कर्बवायू न अडवता तयार होणारी कोळशाची वीज ‘बंद करत न्यावी’, असे मसुद्यात होते. अगदी अखेरच्या घटकेला भारताचे मंत्री भूपेंद्र यादव यांनी ‘कमी करत न्यावी’ असा बदल सुचवला. तो मान्य झाला. समुद्र ज्यांच्या उंबऱ्याशी आला आहे, ती बेटांवरची राष्ट्रे हळहळली. अध्यक्ष आलोक शर्मा यांनी सभेची माफी मागितली, तेव्हा त्यांचाही कंठ दाटून आला.

मग भारताचे चुकले का? दुसरी बाजूही ऐका. लंडनमध्ये कोळशावरचे वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले; ब्रिटनचे शेवटचे असे केंद्र बंद झाले ३० सप्टेंबर २०२४ रोजी. मध्ये १४२ वर्षे गेली. हवेत गेलेल्या कर्बवायूचा बराच भाग शतकानुशतके तेथेच राहतो. पहिल्या पंगतीला पोटभर जेवलेल्याने मागून बसलेल्याला ‘ताट उचल’ म्हणावे, हा कुठला न्याय? पण हेही खरे, की दुष्काळ आणि अवेळी पाऊस पंगतीचा क्रम विचारत नाहीत. पहिला फटका मागून बसलेल्यालाच बसतो.

२०२३ साली दुबईला, म्हणजे तेल विकणाऱ्यांच्याच दारी, सुमारे दोनशे राष्ट्रांनी खनिज इंधनांपासून न्याय्य रीतीने ‘दूर जायचे’ कबूल केले. तीस वर्षांनी सगळ्याच खनिज इंधनांपासून दूर जाण्याची भाषा दस्तात आली. पण कोणी कोणत्या साली थांबायचे आणि खर्च कोणी सोसायचा, ही कलमे त्यांनी कोरीच ठेवली. मुदत न घातलेल्या कागदाची किंमत किती, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.