पूर्वनिर्णय मोडावा, पण कुणासाठी?

न्यायालयाचा पूर्वनिर्णय पवित्र असतो असे मी मानत नाही. ‘पूर्वापार असेच चालत आले आहे’ या एका वाक्याच्या जोरावर ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांनी चालत आलेल्या गोष्टींचे गोडवे गाण्याचे कारण नाही. म्हणून समलिंगी विवाहाला संरक्षण देणारा २०१५ चा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राखावा की मोडावा, या वादात ‘पूर्वनिर्णय आहे म्हणून राखा’ एवढे उत्तर मला पुरत नाही. इतिहास तपासावा लागतो.

या न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसाला नागरिकत्वच नाकारले. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली आणि कायद्याचे समान संरक्षण कागदावर उतरले. तरी १८८३ साली न्यायालय म्हणाले की, काळ्या-गोऱ्या स्त्रीपुरुषांच्या संबंधाला जादा शिक्षा देणारा अलाबामाचा कायदा दोघांनाही सारखीच शिक्षा देतो, मग विषमता कुठे आहे? १८९६ च्या प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ हे ढोंग कायदेशीर ठरले. ते मोडायला १९५४ चा ब्राऊन निर्णय यावा लागला. मध्ये ५८ वर्षे गेली. आंतरवंशीय विवाहावरची बंदी लव्हिंग खटल्याने १९६७ मध्ये उठवली. तोवर १६ राज्यांत ती बंदी कायद्यात होती.

समलिंगी माणसांची वाटही अशीच आहे. मिनेसोटातल्या दोन पुरुषांचा विवाहाचा दावा १९७२ साली न्यायालयाने एका वाक्यात निकालात काढला. १९८६ मध्ये त्यांच्या खाजगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जियाचा कायदा वैध ठरवला. २००३ च्या लॉरेन्स निर्णयाने ती चूक दुरुस्त झाली. २६ जून २०१५ रोजी ओबर्गफेल खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी विवाहाचा हक्क मान्य झाला. ज्याच्या नावाने तो खटला ओळखला जातो, त्याची मागणी काय होती? जोडीदाराच्या मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून आपले नाव असावे, एवढीच. जन्माची सोबत केली आणि सरकारी कागदावर मात्र परका!

मग २०२२ साली गर्भपाताचा १९७३ पासूनचा हक्क न्यायालयाने काढून घेतला. घटनेत स्पष्ट न लिहिलेला हक्क राष्ट्राच्या इतिहासात व परंपरेत खोल रुजलेला असला पाहिजे, ही त्यासाठी लावलेली कसोटी. बहुमताने सांगितले की या निर्णयाचा इतर हक्कांना धक्का नाही. पण न्यायमूर्ती थॉमस यांनी स्वतंत्र मतपत्रात ओबर्गफेल आणि लॉरेन्स यांचा पुनर्विचार व्हावा असे लिहिले. लव्हिंगचे नाव त्यांनी घेतले नाही. परंपरेची ती कसोटी १९६७ साली लावली असती, तर लव्हिंग दांपत्याच्या हाती काय पडले असते, हे वाचकांनीच ठरवावे.

विरोधक विचारतात : ब्राऊनने प्लेसी मोडला तो तुम्हाला चालतो, मग ओबर्गफेल मोडला तर का चालू नये? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला माझे उत्तर असे. ब्राऊनने माणसाला नाकारलेले माणूसपण परत दिले. ओबर्गफेल मोडणे म्हणजे दिलेले काढून घेणे. या निर्णयाच्या भरवशावर लाखो घरे उभी राहिली. मुले, वारसा, इस्पितळातले निर्णय त्याला बांधले गेले. आणि त्यामुळे दुसऱ्या कुणाचा विवाह उणा झाला नाही. पूर्वनिर्णयाचे वय पाहू नका. तो कुणाच्या मानेवर बसला आहे की कुणाच्या पाठीशी उभा आहे, ते पाहा.

दुसरा आक्षेप : हे काम लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचे, न्यायालयाचे नव्हे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या २०१५ च्या विरोधी मताचा रोख हाच होता. पण अल्पसंख्याचा मूलभूत हक्क बहुसंख्येच्या मतपेटीत टाकायचा, तर हक्कांची सनद हवीच कशाला? डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय कायद्याने एका राज्यात झालेला असा विवाह दुसऱ्या राज्याने मानावा असे बंधन घातले; मात्र प्रत्येक राज्याने विवाहाचा परवाना द्यावाच, असे तो म्हणत नाही. म्हणजे निर्णय गेला तर गरिबाला लग्नासाठी राज्य ओलांडावे लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा निर्णय उलथवण्याची मागणी करणारा अर्ज न्यायालयाने दाखल करून घेतला नाही. तूर्त धोका टळला. कसोटी मात्र जागच्या जागी आहे.

आपल्याकडेही २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेले २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरावले आणि २०१८ मध्ये परत दिले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ साली नाकारून तो संसदेवर सोपवला. ज्या बाबासाहेबांनी १९३६ साली जातिअंतासाठी आंतरजातीय विवाहाचा उपाय सांगितला, त्यांच्या अनुयायांना हे कळायला अवघड जाऊ नये : कुणी कुणाशी लग्न करावे हे ठरवण्याचा अधिकार परंपरेच्या हाती गेला की पहारा जातीचाच बसतो. परक्या देशातल्या त्या निवाड्याची राखण म्हणूनच मला परकी वाटत नाही.