ओळंबा आणि कललेली काठी

भूमापनाचा इतिहास हा बव्हंशी उपकरण सरळ उभे ठेवण्याच्या धडपडीचा इतिहास आहे. इ. स. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथे पायारेषा मोजण्यास प्रारंभ केला. त्यांचे कोनमापक यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर ते चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे चक्र वाकले. लॅम्बटन सुमारे दीड महिना तंबूत बसून ते स्वहस्ते दुरुस्त करीत राहिले! पुढे १८२३ साली हैदराबादेहून नागपूरकडे जाताना आपल्या हिंगणघाटास ते निवर्तले.

यंत्र बिंदूच्या नेमके वर आहे की नाही, हे सांगतो ओळंबा. मात्र ओळंब्यावरही सर्वस्वी विसंबता येत नाही. सिरोंजनजीकचे कल्याणपूर आणि उत्तरेकडील कालियाना यांमधील अंतर त्रिकोणांनी एक निघाले, ताऱ्यांच्या वेधांनी दुसरे. फरक सव्वापाच विकलांचा. याचे कारण शोधताना प्रॅट यांनी १८५५ साली गणिताने दाखविले की, हिमालयाचे वस्तुमान ओळंब्यास आपल्याकडे ओढते. त्यांचे उत्तर मात्र प्रत्यक्षाच्या जवळजवळ तिप्पट आले, आणि त्या तफावतीतून पर्वतांच्या मुळांचे नवे शास्त्र उभे राहिले.

उपग्रहांच्या युगातही ही पीडा टळली नाही. ग्राहक यंत्र काठीच्या माथ्यावर असते. हवे असते ते टोकाचे स्थान. दोन मीटरची काठी एक अंश कलली की टोक साडेतीन सेंटिमीटर सरकते. म्हणून मोजणीदार बुडबुड्याकडे डोळे लावून उभा राहत असे, आणि भिंतीच्या कोपऱ्यात तर काठी सरळ धरणेच अशक्य. २०१७ साली लायका कंपनीने आणलेल्या ग्राहकात प्रवेगमापक आणि जायरोस्कोप काठीचा कल व दिशा ओळखतात. दोन-चार पावले चालले की यंत्र सज्ज होते. २०२० साली त्यात कॅमेराही आला. पायी चालत घेतलेल्या अनेक छायाचित्रांतून, जेथे पाऊल ठेवता येत नाही तो बिंदूही मोजता येऊ लागला. अर्थात दाट झाडीखाली उपग्रहांचे संकेत मंदावतात, तेथे कोणतीही हुशारी चालत नाही.

आता आपल्या बांधाकडे वळू. मुंबई इलाख्यात, बेळगावसह, मोजणी ३३ फुटी, सोळा आण्यांच्या साखळीने झाली. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. त्या नकाशावर आजचा सेंटिमीटरांतील आकडा थेट बसविता येत नाही. आधी जुने दगड शोधावे लागतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी हातभर बांधावरून दोन भाऊ अबोला धरून होते. मोजणीदार नवे यंत्र घेऊन आला, काठी तिरपी धरून बांधावर उभा राहिला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, “तुमचा जुना दगड कुठे आहे?” दोघेही एकमेकांकडे पाहू लागले.