विंडसर्फिंग : नवशिक्याचा फळीवरील ताबा

शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जाण्याचा खेळ. होडीला सुकाणू असते, या फळीला ते नसते. दिशा बदलायची ती शीड पुढे-मागे कलवून. डोलकाठी फळीला लवचिक सांध्याने जोडलेली असते. त्यामुळे ती कोणत्याही बाजूला झुकते आणि हातातून सुटली की थेट पाण्यात आडवी होते. नवशिक्याची सारी अडचण या सांध्याशी निगडित आहे. प्रस्तुत नोंद पहिल्या टप्प्यातील तोल व दिशानियंत्रण यांपुरती असून उदाहरणे शक्यतो जळगाव व धुळे जिल्ह्यांतील वारा आणि जलाशय यांतून घेतली आहेत.

इतिहास : जनकत्वाबद्दल एकमत नाही. इंग्लंडमधील पीटर चिल्व्हर्स (१९५८) आणि अमेरिकेतील न्यूमन डार्बी (१९६४) यांची नावे आधी येतात. हॉइल श्वाइट्झर व जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि खेळ जगभर पसरला तो त्यांच्या फळीमुळे. ब्रिटिश न्यायालयाने १९८५ मध्ये चिल्व्हर्स यांच्या फळीचा दाखला मानून तेथील पेटंट रद्दबातल ठरवले. ऑलिंपिकमध्ये समावेश १९८४ पासून. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत पाण्यावर उचलली जाणारी आयक्यूफॉइल फळी आली. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

स्त्रिया : ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र स्पर्धा १९९२ पासून.

भारत : इबाद अली यांनी हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत (२०२३) आरएस:एक्स या फळीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. गोव्याची डेन व कात्या कुएल्हो ही भावंडेही हा खेळ खेळत आली आहेत. महाराष्ट्रात मुंबईचा किनारा आणि खडकवासल्याचा जलाशय ही शिडाच्या खेळांची ठिकाणे; खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांना पीकॉक बे येथे शिडाचे शिक्षण मिळते. समुद्राशिवाय हा खेळ शिकता येत नाही, हा समज चुकीचा आहे. हांगचौलाच शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलची विद्यार्थिनी, आणि भोपाळचे पाणी तलावाचे आहे.

साधन : सुरुवातीची फळी रुंद व जाड हवी, साधारण १८० ते २२० लिटर आकारमानाची. मोठ्या माणसाला ४ ते ५ चौरस मीटरचे शीड पुरते. मुलांना त्याहून लहान. फळीच्या पोटातून खाली सरकणारे पाते (डॅगरबोर्ड) या टप्प्यात पूर्ण खाली असावे, म्हणजे फळी आडवी घसरत नाही आणि डुलतेही कमी.

फळीवरील ताबा : ताबा हातांत नसून पायांत आणि कमरेत असतो. नवशिका नेमके उलटे करतो. शीड ओढले जाऊ लागले की तो कंबरेत वाकतो, कोपरे आखडतो आणि खांद्याच्या बळावर झुंजतो. पाच मिनिटांत त्याचे हात भरून येतात. शेत सपाट करताना बैलांमागच्या फळीवर उभा राहिलेला शेतकरी कासरा ओढून तोल सावरत नाही, गुडघे सैल सोडून टाचांवर भार हलवतो. येथेही तेच करायचे.

आरंभी वारा पाठीवर घ्यावा, फळी वाऱ्याला आडवी ठेवावी आणि पाय डोलकाठीच्या बुंध्याच्या दोन्ही अंगांना, फळीच्या मधल्या रेषेवर टेकवावेत. शिडाच्या दोरीने शीड उचलताना पाठ ताठ, गुडघे वाकलेले, जोर मांड्यांचा. शीड पाण्यातून निघताच हलके होते, आणि जोर तसाच लावून ठेवला तर माणूस पाठीवर पाण्यात पडतो. पहिल्या दिवशीच्या बहुतेक आंघोळी याच कारणाने होतात. शीड फळीशी काटकोनात, रिकामे फडफडत ठेवून नुसते उभे राहणे ही मूळ अवस्था होय. तिला विसाव्याची जागा समजावे. काही बिनसले की मागचा (शेपटाकडचा) हात सोडून येथे परत यायचे.

मूळ अवस्थेतच शीड फळीच्या शेपटाकडे कलवले की फळीचे तोंड वाऱ्याकडे वळते, तोंडाकडे कलवले की वाऱ्यापासून दूर जाते. कारण साधे आहे : वाऱ्याचा दाब शिडाच्या मध्यावर एकवटतो, पाण्याचा अडसर डॅगरबोर्डभोवती असतो, पहिला दुसऱ्याच्या मागे नेला की फळीचे शेपूट वाऱ्याबरोबर ढकलले जाते आणि तोंड वाऱ्याकडे येते. चालू लागण्याआधी असे जागच्या जागी दोन्ही बाजूंना पूर्ण फिरण्याचा सराव करावा. हा सराव कंटाळवाणा म्हणून टाळला जातो आणि मग माणूस वाऱ्याबरोबर दूरच्या काठाला लागतो, तेथून फळी ओढत चालत येतो.

चालू लागताना पुढचा पाय बुंध्यामागे तोंडाच्या दिशेने वळवावा, मागचा पाय खांद्याइतक्या अंतरावर मागे न्यावा, डोलकाठी उभी करून मग मागचा हात हळूहळू आत घ्यावा. नजर पायांकडे नको, समोरच्या काठावरील एखाद्या झाडावर हवी. वळताना पावले लहान आणि बुंध्याला चिकटून टाकावीत. लांब ढांग टाकली की फळीची एक कड बुडते.

वारा : शिकण्यासाठी ताशी १० ते २० किमी.चा सलग वारा योग्य. शिडावरील जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा १२ वरून १८ किमी. झाला तर वेग दीडपट, पण जोर सव्वादोनपट. म्हणूनच झोत आला की सावरण्यापूर्वीच हात हरतात. मागचा हात किंचित सैल करून शिडातला वारा सोडून देणे हाच उपाय. (पवनचक्कीत मिळणारी ऊर्जा घनाच्या प्रमाणात वाढते, तेथे हाच फरक सुमारे ३.४ पट होतो.)

तापीचे खोरे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठा रांगा यांमध्ये पूर्व-पश्चिम पसरले आहे. मोसमी वारा पश्चिमेकडून या खोऱ्यात शिरतो. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची जागा या वाऱ्यामुळेच निवडली गेली; त्यांची स्थापित क्षमता ५२८ मेगावॅट नोंदली गेली आहे. मात्र पवनचक्कीचे पाते फिरते ते उंचावरच्या वाऱ्यावर. जमिनीलगत झाडे, टेकड्या व बांध यांमुळे तो मंदावतो आणि तुटक होतो. धरणाच्या भिंतीच्या किंवा टेकडीच्या आडोशाला पाणी शांत दिसते, पण तेथला वारा गोल फिरत येतो आणि शिकणाऱ्याला चकवतो. मोकळ्या पाण्यावरचा सलग वारा थोडा अधिक असला तरी सोपा.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वावटळी उठतात आणि वळवाच्या पावसाआधी ढगातून खाली कोसळणारा वारा काही मिनिटांत जलाशयाचे रूप पालटतो. त्या दिवसांत सराव सकाळचाच. हिवाळ्यात वारा मंद. पहिले धडे त्यातच बरे.

जलाशय : जळगाव जिल्ह्यात तापीवरील हतनूर हे विस्तीर्ण पाणी, फुगवटा तापी-पूर्णा संगमावरील चांगदेवपर्यंत जातो. पश्चिमेच्या वाऱ्यात फळी भिंतीपासून दूर, चांगदेवकडे वाहते, ही जमेची बाजू. पावसाळ्यात मात्र धरणाचे ४१ दरवाजे गरजेप्रमाणे उघडतात, ओढ भिंतीकडे लागते, आणि पाण्याची ओढ वाऱ्यावर मात करू शकते. त्या काळात पाण्यात उतरू नये. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात. खेळ आणि पक्षी यांचा मेळ कसा घालावा याबद्दल मतभेद संभवतात, पण थव्यांपासून दूर राहण्याला पर्याय नाही. जळगावलगतचा मेहरूण तलाव आटोपशीर असल्याने फळी वाहत गेली तरी काठ जवळ. धुळ्याजवळ नकाणे तलाव व पांझरेवरील अक्कलपाडा; नकाणे शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा असल्याने तेथे परवानगीचा प्रश्न आधी. शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचा परिसर अभयारण्यात मोडतो.

उन्हाळ्यात पाणी ओसरून गाळपेरीच्या जमिनी उघड्या पडतात. काठाजवळ गुडघाभर काळा गाळ, बुडालेल्या बाभळींची खुंटे आणि मासेमारीची जाळी असतात. डॅगरबोर्ड खुंटाला अडकले की फळी जागीच थांबते आणि माणूस पुढे पडतो, तोही शिडावर.

सुरक्षितता : जीवरक्षक जाकीट, सोबत किमान एक जण काठावर. थकल्यास शीड फळीवर आडवे टाकून, पालथे झोपून हातांनी वल्हवत यावे. फळी सोडून पोहत निघू नये. ती बुडत नाही.