एका एकराचं घराणं

धाराशिव जिल्ह्यातल्या बचत गटांत ‘एक एकर’ हे जमिनीचं माप कमी आणि शेतीची एक रीत जास्त आहे. घरच्या रानातला अर्धा-एक एकराचा तुकडा बाईने नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून मागून घ्यायचा. त्यात काय पेरायचं ते तिने ठरवायचं, आणि आधी घरात शिजेल तेच पेरायचं. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, चवळी, हरभरा, बांधाकडेला मेथी-शेपू, वांगी, दोडका. खत शेणाचं, गांडुळांचं. पाणी जेमतेम. खाऊन उरेल ते आठवडी बाजारात. सरकारी आणि संस्थांच्या कागदांवर याला ‘एक एकर मॉडेल’ म्हणतात. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार ज्या पंधरा संस्थांना मिळाला, त्यांत ही रीत रुजवणारी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था होती. पुरस्काराच्या वेळच्या नोंदीत ७२,००० स्त्रिया आणि ५,५०० बचत गट असा पसारा दिलेला आहे, आणि प्रत्येकीच्या वाट्याची जमीन साधारण एक एकर असंही तिथे लिहिलेलं आहे.

जगाच्या संकटांवर भरणाऱ्या शिखर परिषदा खरंच काही करतात, की ती भाषणांची जत्रा असते, हा वाद जुना आहे. या एका एकराची कुळकथा त्या वादात दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. ही रीत कोणत्याही परिषदेत जन्मली नाही. पण परिषदांचा हात लागला नसता तर ती एवढी वाढली असती, असंही म्हणवत नाही.

मूळ शोधत मागे गेलं की वाट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपाशी येते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं उशिरा झोपलेली. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाला नाव मिळालं ते लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं, पण तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावंही तशीच झोपली ती उठलीच नाहीत. तीव्रता ६.२. घरं मजबूत असती तर एवढ्या तीव्रतेच्या भूकंपाने इतके बळी घेतले नसते. इथे सुमारे दहा हजार माणसं गेली, कारण घरं. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, त्यांत आरपार बांधणीचा दगड नाही, आणि वर लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षं माती चढत गेलेलं माळवद. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच माळवद त्या पहाटे अंगावर आलं.

पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज आलं. बावन्न गावं नव्या जागी वसवायची होती. तिथे आखणी, ठेकेदार, उद्घाटनं असं सगळं झालं, आणि त्यावर बरंच लिहिलंही गेलं. या कुळकथेला हवा असलेला भाग कमी दिमाखाचा आहे: तेरा जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरं, जी पडली नव्हती पण तडकली होती. ती ठेकेदाराने बांधायची नव्हती. घरमालकाने हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन स्वतः दुरुस्त करायची होती. माळवदावरची माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, हे इंजिनिअरने सांगायचं आणि गावाने ऐकायचं, अशी कल्पना. गावाने ऐकलं नाही. कर्ज फेडावं लागेल का, हप्ता कोण खाईल, माळवद काढलं तर उन्हाचं काय, असे प्रश्न होते आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

तेव्हा सरकारने मुंबईत फुटपाथवासीयांत काम करणाऱ्या ‘स्पार्क’ या संस्थेला बोलावलं. तिच्या संस्थापकांपैकी एक प्रेमा गोपालन मराठवाड्यात आल्या आणि पुढे इथल्याच कामातून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ उभी राहिली. या मंडळींनी एक साधी मागणी केली: गावात माहिती सांगण्याचं काम महिला मंडळांकडे द्या. त्या कामाला नाव पडलं ‘संवाद सहायक’. डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाया मग इंजिनिअरला विचारू लागल्या की हा दगड किती लांब, तो पट्टा किती जाड, आणि दुसरा हप्ता कधी. घर हे बायकांचं क्षेत्र, म्हणून त्यावर बोलायला कोणी हरकत घेतली नाही. कारभारात शिरायला ही फट पुरेशी होती.

त्याच सुमारास, भूकंपानंतर आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये जपानच्या योकोहामात नैसर्गिक आपत्तींवरची जागतिक परिषद भरली. आपत्ती टाळायची तर स्थानिक समाजापासून वरपर्यंत सगळ्यांचा सहभाग हवा, असं तिच्या जाहीरनाम्यात आलं. योकोहामातल्या प्रतिनिधींनी भूकंपग्रस्त उमरग्याचं नाव ऐकलं असेल असं नाही, आणि उमरग्याकडच्या बायांनी योकोहामाचं तर नाहीच. पण पुनर्वसनाच्या कर्जामागे जागतिक बँक होती. वरच्या कागदावरचं वाक्य आणि खालची गरज यांची गाठ पडली असेल तर ती अशी, कर्जाच्या वाटेने. लातूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-धोका कमी करण्याच्या कामासाठी जिनिव्हाला गेले, हाही त्याच येण्याजाण्याचा भाग. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं तेव्हा मराठवाड्यातल्या बाया तिकडे गेल्या आणि आपल्यावर गुदरलेलं सांगत तिथल्या बायांबरोबर बसल्या. सुनामीनंतर हेच काम तमिळनाडूच्या किनाऱ्यावर झालं.

घरं दुरुस्त झाली. महिला मंडळांतून उभे राहिलेले बचत गट मात्र मोडले नाहीत. हा या घराण्यातला निर्णायक वळणाचा प्रसंग, आणि नेमका तोच कुठल्या अहवालात ठळक छापलेला नसतो.

त्या गटांपुढे दुसरी आपत्ती आली ती आवाज न करता. मराठवाड्यात सोयाबीनने पाय पसरले, पाणी होतं तिथे उसाने. दोन्ही पिकं पैशाची, दोन्ही ताटात न येणारी. पूर्वी ज्वारीत तुरीची, मुगाची, अंबाडीची पाटं असायची. घरची बाई पेरणीच्या वेळी ओटीत बी घेऊन जायची आणि त्या पाटांवर तिची सत्ता असायची. एकच पीक बांधापासून बांधापर्यंत गेलं तशी पाटं गेली, आणि बाईचा पेरणीतला शब्दही गेला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडे सगळं गाव रानात जेवायला जातं. त्या दिवशीच्या भज्जीला तूर, पावटा, हरभरा, वाटाणा असे ओले दाणे लागतात. रानात फक्त सोयाबीनची धसकटं असतील तर रानातल्या सणाची भाजी बाजारातून आणावी लागते. हवामान बदलाचे आलेख बघण्याआधी हा बदल इथल्या बायकांनी पिशवीत मोजला होता.

मग पाऊस गेला. २०१२ चा दुष्काळ, आणि २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं मराठवाड्यात सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी पाऊस. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ती बातमी जगभर गेली. या वर्षांत एका एकराची रीत झपाट्याने पसरली. सोयाबीन करपलं की पैसा आणि अन्न एकदमच जातं, उलट पंधरा-वीस प्रकारचं पेरलेल्या तुकड्यात काहीतरी हाती लागतंच. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामाचा चेहरा बनल्या. त्यांच्यावर चित्रकथाही निघाली. नवऱ्याशी वाद घालायचा नाही, सगळं रान मागायचं नाही, एक हंगाम एक तुकडा मागायचा आणि हिशेब दाखवायचा, ही या रीतीतली खरी युक्ती. ती शेतीशास्त्रातली कमी आणि घरच्या राजकारणातली जास्त.

या एकराला मराठी मुलखात चुलत घराणीही आहेत. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगेल असा हिशेब मांडला होता. शरद जोशींनी १९८९ नंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावलं, आणि १९९१ च्या शेगाव मेळाव्यात चतुरंग शेतीचा कार्यक्रम दिला. त्यातली ‘सीताशेती’ म्हणजे बायकांनी बाहेरचं खत-औषध न आणता लहान तुकड्यात केलेली शेती. जोशी स्वतः बर्नला जागतिक टपाल संघात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्याच एका संस्थेत, नोकरीला होते. ती सोडून ते आंबेठाणच्या कोरडवाहू रानात आले. सीताशेतीतून एक एकर निघाला असं सिद्ध करता येत नाही, पण दोन्हींच्या चेहऱ्यातलं साम्य लपत नाही.

आता परिषदांकडे. सगळ्या संकटांना एकच औषध असतं असं समजून त्यांची थट्टा किंवा आरती केली जाते, तिथेच चुकतं. अणुसुरक्षेवर २०१० ते २०१६ या काळात चार शिखर परिषदा झाल्या. युक्रेनने तिथे शब्द दिला आणि २०१२ पर्यंत अण्वस्त्रांच्या कामी येऊ शकेल असा युरेनियमचा साठा देशाबाहेर पाठवला. तो धोका मोजक्या कुलपांआड होता आणि किल्लीवाले बहुतेक त्याच टेबलाशी बसले होते. रोगराईचं तसं नसतं. देवीचा रोग संपवण्याचा ठराव जागतिक आरोग्य सभेने १९५९ मध्ये केला, रोग गेल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. मधली एकवीस वर्षं दारोदार लस टोचणाऱ्यांची होती. कधी वाट उलटी असते. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाला वाचवायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची शिफारस केली.

हवामानाचा प्रश्न या तिसऱ्या जातीचा, पण त्यात परिषदा फार उशिरा रानात उतरल्या. रिओचा करार १९९२ चा. शेतीवर रीतसर काम करायचं ठरलं ते २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बॉनला, फिजीच्या अध्यक्षतेखाली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. एका एकराला न्यूयॉर्कमध्ये पुरस्कार मिळून तेव्हा दोन महिने झाले होते. त्याआधी, २०१६ मध्ये माराकेशच्या परिषदेच्या वेळी, याच संस्थेच्या सौर दिवे आणि सुधारित चुली विकणाऱ्या ग्रामीण उद्योजिकांच्या जाळ्याला हवामान कराराच्या सचिवालयाने गौरवलं होतं. जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार त्याच वाटेने पुढे आल्या. त्यांना २०२१ सालचा नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

मानचिन्हं कपाटात राहतात. एखादं कलम मात्र हातात धरून तालुक्याच्या कचेरीत जाता येतं, आणि परिषदांची खरी कमाई तिथे आहे. आपत्तींचा धोका कमी करण्याच्या २०१५ च्या सेंदाई आराखड्यात पुनर्बांधणीचं नेतृत्व स्त्रियांनी करावं असं लिहिलं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सने भरवलेल्या हवामान-अनुकूलन परिषदेत स्थानिक अनुकूलनाची आठ तत्त्वं मांडली गेली. त्यांतलं पहिलं: निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर द्या. संवाद सहायकांच्या वेळी, त्याआधी सुमारे पंचवीस वर्षं, हेच मागितलं गेलं होतं. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये वारल्या. त्याच वर्षी शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत या कामाला स्थानिक अनुकूलनाचा पुरस्कार मिळाला.

पैशाची गोष्ट वेगळी. लंडनच्या आयआयईडी या संस्थेने २०१७ मध्ये हिशेब मांडला तेव्हा आंतरराष्ट्रीय हवामान निधींतला दहा टक्क्यांपेक्षाही कमी पैसा स्थानिक कामांसाठी होता. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत ठरलं की २०३५ पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचे. ते धाराशिवपर्यंत कोणत्या पाइपातून येतील हे तिथे ठरलेलं नाही. एक पाइप त्याआधीचा: जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. ठिबक, शेततळं, शेडनेट यांसाठी त्यात अनुदान होतं, आणि धाराशिव जिल्हा त्यात होता. वैयक्तिक लाभाच्या अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागायचा.

एका एकराची अडचण इथेच येते. तो मागून घेतलेला आहे, नावावर केलेला नाही. पीएम-किसानचा हप्ता सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्या खात्यावर जातो. जमीन नावावर नसली तरी शेतात राबणाऱ्या बाईला शेतकरी म्हणून दाखला द्यावा, असं खासगी विधेयक डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत आणलं होतं. ते २०१३ मध्ये चर्चेविना बाद झालं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकरी वर्ष जाहीर केलं.